मदत हवी आहे: हिवाळी नैराश्यासाठी प्रकाशदिवा लावून १२ दिवस झाले, फरक का पडत नाही?

सांजवेळ:
नोव्हेंबर लागला की मला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, दिवसभर झोप येत राहते, गोडाशिवाय काही खावेसे वाटत नाही आणि मार्चपर्यंत कोणाचा फोनही घ्यावासा वाटत नाही. हे सलग चौथे वर्ष आहे. यंदा १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाची प्रखरता मोजण्याचे एकक) दिवा आणला, रोज अर्धा तास लावतो आणि मनःस्थितीला दहापैकी गुण देऊन वहीत लिहितो; १२ दिवसांत आकडा तीनच्या वर गेलेला नाही. हा उपचार खरा आहे, की विक्रेत्यांनी रचलेली गोष्ट? कृपया लवकर सांगा, दिवा परत करण्याची मुदत चार दिवसांत संपते.

किरणमयी:
दिवा कोणत्या वेळी लावता आणि तो डोळ्यांपासून किती अंतरावर असतो, हे तुम्ही लिहिलेलेच नाही.

सांजवेळ:
वेळेने काय बिघडते? कामावरून आल्यावर सातच्या सुमारास लावतो. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, लॅपटॉपच्या मागे असतो.

किरणमयी:
मग तुम्ही या उपचाराची परीक्षा अजून घेतलेलीच नाही. खोक्यावरचा लक्सचा आकडा ठरावीक, बहुधा हातभराहून कमी अंतरावरचा असतो आणि दिवा दूर सरकवला की तो झपाट्याने घसरतो. पहिल्या हिवाळ्यात माझा दिवा खिडकीच्या कट्ट्यावर असे. एके दिवशी लक्समापक डोळ्यांपाशी धरून पाहिला, तर आकडा ९०० होता. वेळेचेही तसेच आहे. डोळ्यांच्या पडद्यातल्या काही पेशी उजेडाची खबर मेंदूतल्या घड्याळाला देतात. सकाळचा उजेड ते घड्याळ अलीकडे आणतो, तर संध्याकाळचा पुढे ढकलतो, म्हणजे सकाळी उठणे आणखी जड होऊ शकते. उठल्याबरोबर, डोळे उघडे ठेवून, पण दिव्याकडे टक न लावता, त्याच्यासमोर अर्धा तास वाचत बसा.

हिरवळ:
माझ्या मते आधी ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे, माझा थकवा त्यानेच गेला. आणि या दिव्याने त्वचा काळवंडत नाही का?

किरणमयी:
त्वचेबद्दल कोणी विचारले नव्हते, तरी सांगते: चांगल्या दिव्यात अतिनील किरण गाळलेले असतात आणि उपचार डोळ्यांवाटे होतो, त्यामुळे या दिव्याने ड जीवनसत्त्व तयार होत नाही. रक्त जरूर तपासावे, पण तो वेगळा प्रश्न आहे.

तर्कशोध:
मूळ शंका रास्त आहे, ती अशी बाजूला सारू नये. नॉर्मन रोझेन्थल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या आजाराचे वर्णन केले, तेव्हापासून एक अडचण कायम आहे: बनावट गोळी करता येते, बनावट उजेड कसा करणार? समोरचा दिवा प्रखर आहे की मंद, हे रुग्णाला दिसतेच, आणि अपेक्षेनेही माणसाला बरे वाटते.

निशिगंध:
त्या अडचणीवर उपाय शोधले गेले आहेत. शार्मेन ईस्टमन यांच्या १९९८ च्या चाचणीत तुलनेसाठी ऋण आयन (हवेतले विद्युतभारित कण) सोडणारे यंत्र ठेवले होते, जे प्रत्यक्षात निष्क्रिय केलेले होते. सकाळच्या प्रकाशाचा सरस परिणाम तिथेही दिसला, पण तीन आठवड्यांनंतर. म्हणूनच १२ दिवसांवर निकाल लावू नये, असे मला कळकळीने वाटते. पुढे २००६ मध्ये कॅनडात ९६ रुग्णांवर प्रकाश आणि फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध यांची तुलना झाली, तेव्हा दोन्ही गटांत ६७ टक्के रुग्णांना गुण आला.

तर्कशोध:
मान्य, पण केली रोहन यांच्या चाचणीत दोन हिवाळ्यांनंतर प्रकाशगटात सुमारे ४६ टक्के जणांना नैराश्य परतले होते, तर विचार-वर्तन उपचार घेतलेल्यांत सुमारे २७ टक्क्यांना. दिव्यावरच सगळी भिस्त ठेवू नये.

ऋतुपर्ण:
वाद चांगला चालला आहे, पण आधी विचारायचे राहून गेले. सांजवेळ, डोळ्यांचा काही आजार किंवा चालू औषधे आहेत का? जीव नकोसा वाटण्यापर्यंत कधी गोष्ट जाते का? आणि हिवाळा सरल्यावर तुम्ही कसे असता?

सांजवेळ:
पहिल्या दोन्हींचे उत्तर नाही. जीव नकोसा होत नाही. वसंतात तर मी उत्तम असतो, म्हणून लिहिले नाही. गेल्या एप्रिलमध्ये आठवडाभर तीन तासांची झोप पुरत होती, एकामागून एक कामे सुचत होती आणि बरीच नको ती खरेदीही झाली.

ऋतुपर्ण:
सर्वांत महत्त्वाची माहिती हीच होती. हा द्विध्रुवीय विकाराचा, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद (अतिउत्साहाची अवस्था) येणाऱ्या आजाराचा, संकेत असू शकतो, आणि तसे असेल तर प्रखर प्रकाशाने, विशेषतः सकाळच्या, उन्मादाचा झटका येऊ शकतो. किरणमयींचा सल्ला एरवी योग्य आहे, पण तुम्ही तो तपासणीआधी अमलात आणू नका. प्रकाश कायमचा वर्ज्य ठरेल असेही नाही: २०१८ मध्ये डोरोथी सिट यांनी अशाच रुग्णांना, मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधे चालू असताना, दुपारी प्रकाश दिला आणि त्यांना गुण आला. मात्र ते मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले.

किरणमयी:
हे मी विचारायला हवे होते. तपासणी होईपर्यंत माझी सूचना बाजूला ठेवा.

सांजवेळ:
एप्रिलमधले संदेश आत्ता उघडून पाहिले. पहाटे तीनला मी भावाला सलग अकरा संदेश पाठवले होते, आणि शेवटी त्याने विचारले होते, ‘तू बरा आहेस ना?’ परवा सकाळी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. वही सोबत नेतो आहे, दिवा खोक्यात घातला आहे.