मदत हवी आहे: तीसेक मोबाइलनी मिळून लिहायचा एकच की-व्हॅल्यू डेटाबेस

नमस्कार. ऐरोलीपासून सीवूड्सपर्यंतच्या खाडीकाठी आम्ही तीसेक हौशी पक्षिनिरीक्षक हिवाळ्यात रोहित पक्ष्यांची मोजणी करतो. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की हे पक्षी नेरूळला टी. एस. चाणक्यच्या पाणथळीवर येऊन बसतात आणि तेवढ्या वेळात एकाच थव्याची दोन-तीन बाजूंनी मोजणी चालते. या नोंदी कोणा एकाच्या ताब्यात न राहता सर्वांच्या मोबाइलमध्ये असाव्यात आणि रेंज नसतानाही लिहिता याव्यात, म्हणून मी ऑर्बिट-डीबी (मध्यवर्ती सर्व्हरशिवाय, उपकरणांनीच एकमेकांशी जुळवून घेतलेला डेटाबेस) वापरून एक छोटे ॲप केले आहे. डेटाबेसचा प्रकार की-व्हॅल्यू ठेवला आहे, म्हणजे प्रत्येक नावाखाली (की) एक मूल्य.

सुरुवातीला प्रत्येक मोबाइल डेटाबेस नुसत्या नावाने उघडत होता. डेटाबेसचा पत्ता म्हणजे मॅनिफेस्टचा (डेटाबेसच्या माहितीपत्रकाचा) हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा; मजकूर बदलला की तोही बदलतो, आणि त्या मॅनिफेस्टमध्ये नाव व प्रकार यांच्याबरोबरच लिहिण्याचा हक्क कोणाला आहे हेही येते. तो हक्क मुळात तयार करणाऱ्यालाच मिळत असल्यामुळे तीस मोबाइलवर एकाच नावाचे तीस वेगळे डेटाबेस तयार झाले होते. आता सर्वांना पूर्ण पत्ता दिला आहे, त्यामुळे वाचता सर्वांना येते, पण लिहिता फक्त मला येते. हक्काच्या जागी तारा (* हे चिन्ह) टाकून सर्वांना मोकळीक दिली, तर पत्ता हाती लागलेला कोणीही आकडे बदलू शकेल, आणि ते मला मुळीच मान्य नाही. सदस्यांची यादी दिली, तर ती पत्त्याचाच भाग होते; हंगामाच्या मध्यात नवा सदस्य आला की पत्ता बदलतो आणि जुन्या नोंदी मागे राहतात.

ताऱ्यावर चाचणी घेतली तेव्हा खरी काळजी वाटू लागली. एका सदस्याने सकाळी ८.१० ला ६४० पक्षी लिहिले. दुसऱ्याने, आणखी एक थवा उतरल्यावर, नऊ वाजता त्याच कीवर ९१० लिहिले. मात्र त्याचा मोबाइल सकाळपासून रेंजबाहेर होता. घरी येऊन वाय-फाय लागल्यावर नोंदी एकत्र झाल्या आणि उरले ६४०. नोंदींचा क्रम घड्याळावर नव्हे, तर लॅमपोर्ट क्लॉकवर ठरतो, म्हणजे प्रत्येक नोंदीगणिक वाढणाऱ्या आणि इतरांच्या नोंदी पाहून पुढे जाणाऱ्या क्रमांकावर. इतरांच्या नोंदी न पाहिल्याने त्याच्या मोबाइलचा हा क्रमांक मागे राहिला होता, म्हणून नंतरची नोंद आधीची ठरली. ती लॉगमध्ये (सर्व नोंदींच्या इतिहासात) सापडते, पण की विचारल्यावर मिळत नाही. प्रत्यक्ष मोजलेले पक्षी असे नाहीसे होऊ नयेत, यासाठी काय करावे?

शिवाय मोबाइल एकमेकांना थेट सापडत नाहीत, म्हणून भाड्याच्या सर्व्हरवर रिले (दोन मोबाइलमधली माहिती इकडून तिकडे पोचवणारा मध्यस्थ) ठेवला आहे. पण त्याची मूळची मर्यादा २ मिनिटे किंवा १२८ किलोबाइट असल्यामुळे मोठी देवाणघेवाण मध्येच तुटते.

प्रतिसाद: ताई, हक्कांसाठी ऑर्बिट-डीबीच्या नावाचाच जो ॲक्सेस कंट्रोलर (कोणी लिहावे हे ठरवणारा भाग) आहे, तो घ्या. त्यात हक्कांची यादी हाच एक वेगळा डेटाबेस असतो, त्यामुळे पत्ता तोच राहून हक्क देता (ग्रँट) आणि काढून घेता (रिव्होक) येतो. मात्र ही यादी कोण बदलू शकतो हे तयार करतानाच ठरते. तेव्हा आपल्या दोन उपकरणांच्या ओळखी आताच द्या, म्हणजे एक मोबाइल हरवला तरी काम अडणार नाही. कीमध्ये ठिकाण, तारीख, पक्षी यांच्यापुढे निरीक्षकाची ओळख जोडा. दोघे जण एकाच कीवर लिहिणारच नाहीत. सर्व्हरवर नुसता रिले ठेवण्याऐवजी तोच डेटाबेस चोवीस तास उघडा ठेवा. त्याला लिहिण्याचा हक्क लागत नाही आणि मोबाइल थेट त्याच्याशी जुळत असल्याने रिलेच्या मर्यादेचा प्रश्न येत नाही.

मनापासून आभारी आहे. चार मोबाइल घेऊन, दोन विमान मोडवर ठेवून पाहिले; सर्व नोंदी शाबूत राहिल्या. थवा एकच असल्यामुळे ॲपमध्ये बेरीज न करता प्रत्येकाचा आकडा वेळेसह वेगळा दाखवते आहे. एक अडचण उरली आहे. कोणी ॲप काढून पुन्हा टाकले की कीस्टोअरमधली (मोबाइलवरच्या किल्ल्यांच्या साठ्यातली) ओळख ठरवणारी किल्ली जाते आणि तेच नाव देऊनही ओळख नवी होते. अशा वेळी कीस्टोअरची प्रत आधीच काढून ठेवायला सांगावे, की नव्या ओळखीला पुन्हा हक्क द्यावा? दुसरा मार्ग घेतला, तर त्याच्या जुन्या कीवरील आकडे कोणाच्या नावावर दाखवावेत, हे कृपया सांगावे.