ठाण्याच्या खाडीत हाऊसबोट? आधी दोर कुठे बांधणार ते सांगा

नांगरदोर
परवा घोडबंदरच्या एका भावाची पोस्ट वाचली, तेव्हापासून डोकं भणभणतंय. इंग्लंडात लोक कालव्यावर बोटीत संसार करतात, भाडं नाही, बिल्डर नाही. मग आपण सव्वा कोटीचा टू बीएचके कशाला घ्यायचा, कोलशेतला नाहीतर गायमुखला बोट टाकून राहू, "पाणी काय कुणाच्या बापाचं आहे?" असा एकूण सूर. खाली बदामांचा पाऊस.

पाणी कुणाच्या बापाचं नाही, कबूल. पण बोट पाण्याला बांधत नाहीत, काठाला बांधतात.

माझा आजा आणि वडील बाळकूमच्या बाजूला डुबी मारून रेती काढायचे. पुनवेला-अवसेला बाराच्या सुमारास भरती, पुढे रोज पाऊण तास उशिरा. तिथीची पाऊणपट केली की वेळ निघते. त्या हिशोबाने रात्री-अपरात्री निघायचं, म्हणून झोप होडीतच. हौसेने कुणी झोपलं नाही. पुढे सक्शन पंप आले आणि डुबी संपली. आजही रेतीच्या बार्जवर बाहेरून आलेली पोरं राहतात, स्टोव्हवर भात शिजवतात, महसूलचं पथक आलं की पाण्यात उड्या टाकतात. ठाण्यात बोटीत राहणारा माणूस म्हणजे हा. टाका त्याचा फोटो, बघू किती बदाम मिळतात.

आता राहायचंच म्हणता तर ऐका. उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. दोर आखूड ठेवला तर ओहोटीला बोट लटकणार, लांब ठेवला तर शेजारच्या होडीवर आदळणार. सुकतीला ती चिखलात बसणार, तीही तिरकी. मांडीभर चिखल तुडवून ८:१४ ची लोकल पकडणार का? काठाला तिवरं. त्यांना हात लावायचा नाही, भोवतीचे ५० मीटरही मोकळे ठेवायचे, हायकोर्टाचा २०१८ चा निकाल आहे. उरली जेट्टी. तिथे आमच्या कोळीवाड्याच्याच होड्या तीन-तीन ओळींत.

खारट_बिस्किट
तो घोडबंदरचा भाऊ मीच. नाव घ्यायला काय झालं होतं?

केरळात वेंबनाड सरोवरावर हाऊसबोटी चालतात, दल सरोवरात पिढ्यान्‌पिढ्या लोक राहतात, मग ठाण्याने काय घोडं मारलंय? कल्याण-ठाणे-मुंबई हा २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग आहे, क्रमांक ५३. जलमार्ग म्हणून मिरवायचं आणि बोट लावायला जागा नाही! आणि स्पष्टच बोलतो. जेट्ट्या सरकारी पैशातून बांधतात. टॅक्स मीही भरतो. मग हक्क एकट्या कोळीवाड्याचा कसा?

नांगरदोर
तू टॅक्स भरलास, आम्ही टॅक्स म्हणून खाडीच दिली. वाशीच्या तिसऱ्या पुलाच्या वेळी भरपाईसाठी मच्छीमारांना हायकोर्टात जावं लागलं, २०२१ साली निकाल लागला. आणि वेंबनाडच्या बोटी पर्यटकांच्या. दोन दिवस राहतात, फोटो काढतात, घरी जातात.

कालवेकरीण
मी इंग्लंडात तीन वर्षं नॅरोबोटवर, म्हणजे कालव्यातल्या अरुंद बोटीवर राहिले, आता कोपरीत माहेरी आहे. दोघांनाही थोडं थोडं सुनावते.

बिस्किट, "भाडं नाही" ही थाप आहे. दरवर्षी परवाना, विमा, दर चार वर्षांनी बोटीची सुरक्षा तपासणी, डिझेल, शेगडीचा कोळसा. बोटीची रुंदी जेमतेम सात फूट. कायमची जागा भाड्याने घेतलेली नसेल तर १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी १४ दिवसांच्या वर थांबायचं नाही. पुढे किती लांब जायचं ते कायदा सांगत नाही, त्यामुळे सतत वाद. आम्ही दर दुसऱ्या शनिवारी खुंट्या उपटायचो आणि पुढच्या गावात हातोड्याने पुन्हा ठोकायचो. नवऱ्याची नोकरी मात्र तिथेच. लंडनमध्ये काठ इतका भरलेला की एका बोटीला दुसरी बांधलेली, रात्री शेजाऱ्याचे बूट आपल्या डेकवरून धपधप. अशा फिरत्या बोटींना २०२४ पासून परवान्यावर जादा आकार आहे. डॉक्टरकडे नाव नोंदवताना बाईने घराचा पत्ता विचारला. मी म्हटलं, आजचा देऊ की पुढच्या शनिवारचा?

तिथे भरती-ओहोटीही नाही. लॉकच्या दारांनी अडवलेलं पाणी, बशीतल्या चहासारखं. हा एक मुद्दा नांगरदोरांचा. पण जेट्टीवर कोळीवाड्याचीच मालकी असल्यासारखं बोलणं मलाही खटकलं.

हिवाळ्यात संडासाचा डबा हातात धरून अर्धा मैल बर्फातून चालणं, यावर पुन्हा कधीतरी.

वाशीचा_म्हातारा
पुन्हा कधीतरी का? प्रश्न तोच आहे! इथे तो डबा कुठे ओतणार? खाडीतच ना? ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, साडेसहा हजार हेक्टर. फ्लेमिंगोंचं अभयारण्य २०१५ पासूनचं. मी पहाटे दुर्बीण घेऊन उभा राहतो आणि पक्ष्यांच्या आधी थर्माकोल दिसतो. हाऊसबोट नको, बार्ज नको, खरं तर इंजिनवाल्या होड्याही नकोत.

नांगरदोर
काका, पन्नास बोटींच्या डब्यांची एवढी चिंता? चाळीस मजली टॉवरचा डबा कुठे रिकामा होतो ते विचारा आधी. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, कागदावर, मैला नाल्यात, नाला खाडीत. आमच्या जाळ्यात निवटी कमी आणि डायपर जास्त.

टॉवर_बी_१९०३
टॉवरवाल्यांना शिव्या घालणं सोपं असतं. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. एसटीपी बंद नसतो. फक्त रात्री ११ ते ६ बंद असतो. पहिल्या मजल्यावरच्यांना टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या आवाजाने झोप लागत नाही, आणि विजेचं बिल बघितलंत तर तुम्हालाही लागणार नाही.

खारट_बिस्किट
रात्री काय तुमचे मेंबर आवळून धरतात?

टॉवर_बी_१९०३
भाषा सांभाळा. इथे बायका वाचतात.

कालवेकरीण
बायका वाचतात आणि हसतातही. चालू द्या.

ब्लोअरवाला
मी एसटीपी चालवायचं काम करतो, दोन सोसायट्या सोडून आलोय. सात तास हवा बंद केली की टाकीतले जीवाणू मरायला लागतात. सकाळी घाण वास. मग सेक्रेटरीसाहेबच फोन करतात, "अरे वास येतोय, बायपास उघड." बायपास म्हणजे सरळ नाला. एका ठिकाणी मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी एजन्सी बदलली. शुद्ध केलेलं पाणी फ्लशला पिवळं आलं की मेंबर बोंबलणार, मेंटेनन्स दोनशेने वाढवला तरी बोंबलणार.

टॉवर_बी_१९०३
तुम्ही नक्की कुठल्या सोसायटीत होतात?

ब्लोअरवाला
घाबरू नका, नाव घेत नाही.

वाशीचा_म्हातारा
म्हणजे मी दहा वर्षं मच्छीमारांच्या विरोधात पत्रं लिहीत होतो... ठीक आहे. इंजिनाच्या होड्यांबद्दल अर्धा शब्द मागे घेतो. डिझेलच्या तवंगाबद्दल नाही.

कालवेकरीण
मूळ विषयावर याल का? त्या कालव्यांवर मला सगळ्यात उपयोगी काय वाटलं असेल तर पाण्याचा नळ आणि डबा ओतायची जागा, ठरावीक अंतरांवर. ते होतं म्हणून राहता आलं. आपल्याकडे २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा नोंदणी-तपासणी सांगतो. पण नोंदणी झाली म्हणजे रात्री बांधायला जागा मिळाली असं होत नाही.

खारट_बिस्किट
बरं बाबा. खाडी तुमची, चिखल तुमचा, एसटीपी सेक्रेटरींचा. हाऊसबोट रद्द, बायकोने आधीच रद्द केली होती. पण मोठ्या जेट्टीवर चार जागा नाव नोंदवून रात्रभर बांधायला मिळाव्यात, बाजूला नळ आणि मैल्याची टाकी असावी, एवढं मागितलं तर काय बिघडलं? ती बार्जवरची पोरंही माणसंच आहेत, तुम्हीच म्हणालात.

नांगरदोर
हे आधी लिहिलं असतंस तर मी धागाच काढला नसता. नळ आणि टाकीसाठी अर्ज कर, पहिली सही माझी. जागा आधी आमच्या होड्यांना, मग उरली तर तुला.

रविवारी अष्टमी आहे, भांगाचं पाणी, म्हणजे चढ-उतार कमी, सहाच्या आसपास भरती. कोलशेतला ये, होडीत बसवतो. ओहोटीपर्यंत उतरू देणार नाही. चपला घालून येऊ नकोस, एक चिखलात राहील.

टॉवर_बी_१९०३
रात्री ११ ते ६ हा कमिटीचा ठराव आहे, माझा वैयक्तिक निर्णय नाही. कृपया नोंद घ्यावी.