जागा ८ बाय ६ फूट, बजेट तुटपुंजं: सुतारकामासाठी आधी काय घ्यावं?

नवशिका: शेल्फ, स्टूल, छोटी खोकी एवढंच करायचंय. एक स्वस्त टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्यावर लाकूड सरकवून कापायचं मशीन) नजरेत आहे, पण तो घेतला तर बाकीच्यासाठी फारसं काही उरत नाही. आणि बेंच विकत घ्यावं की घरीच करावं?

भुसा: टेबल सॉ आत्ता नको. स्वस्त मशीनची मोटर एकवेळ चालून जाते, घात करतो तो फेन्स, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून सरकवायचं ती बाजूची पट्टी. तो पात्याला समांतर राहिला नाही की लाकूड पात्याच्या मागच्या दातांवर दाबलं जातं आणि उसळून अंगावर येतं. शिवाय तेवढ्या जागेत अख्खा प्लाय त्यावरून सरकवणार कसा?

हातातला सर्क्युलर सॉ, एक सरळ पट्टी आणि दोन क्लॅम्प घ्या. जमिनीवर जाड थर्माकोल अंथरून त्यावर प्लाय ठेवा. पातं प्लायच्या जाडीपेक्षा ५ मिमीच जास्त खाली. चांगली बाजू जमिनीकडे, कारण दात खालून वर येतात आणि कपच्या वरच्या बाजूला उडतात.

हातहत्यारांत करवत, रंधा, गुण्या (काटकोन तपासायला), १२ आणि २५ मिमी पटाशी (लाकूड तासायची छिन्नी). बास. गुण्या घेतानाच तपासा: सरळ काठाला टेकवून रेघ मारा, उलटा करून तिथूनच दुसरी मारा. रेघा फाकल्या तर त्या फटीच्या निम्मी चूक गुण्याची.

रंधेवाला: बेंच घरीच करा. १८ मिमी प्लायच्या एका शीटचे (२४४० × १२२०) चार सारखे तुकडे काढा, साधारण १२२० × ६१०. तीन एकावर एक चिकटवले की ५४ मिमी जाड माथा तयार, चौथा खालचं फडताळ. उंची मनगटाच्या हाडापर्यंत.

एकावेळी एकच थर चिकटवा. गोंद सगळीकडे पसरून दर २०० मिमीवर ३० मिमीचे स्क्रू. वरच्या तुकड्यात स्क्रू सैल जाईल एवढं आरपार भोक आधी पाडायचंच. नाहीतर आटे दोन्ही थरांत धरतात, स्क्रू कितीही पिळा, मधली फट तशीच राहते. गोंद वाळला की स्क्रू काढून पुढच्या थराला वापरा. पायांना आडव्या पट्ट्या हव्यातच, रंधा मारताना झोकांड्या खाणारं बेंच काही कामाचं नाही.

नवशिका: छान! नव्या पटाशीला धार असतेच ना?

भुसा: नसते. जाड सपाट काचेवर ४००, मग १०००, मग २००० नंबरचा वॉटर पेपर. आधी पाठ, म्हणजे उतार नसलेली सपाट बाजू, टोकाकडचे २-३ सेंटिमीटर आरशासारखे होईपर्यंत. मग २५ अंशाचा उतार, शेवटचे चार-पाच हात ३० अंशावर. पाठीकडे बोटाला बारीक खरखर पूर्ण रुंदीभर लागली तरच पुढचा नंबर. मध्येच लागत नसेल तर तिथे पातं अजून घासलंच गेलेलं नाही. शेवटी पाठ काचेवर सपाट धरून ती खरखर काढून टाका.

रंधेवाला: रंध्याच्या पात्यालाही हेच. नवा रंधा नीट साल काढत नाही, त्यात बहुतेक वेळा दोष धारेचाच असतो.