ऑक्सिमीटर चालतो, मग सुई न टोचता साखर मोजणारे घड्याळ का चालत नाही?

प्रश्न: सोलापूरकर

माझे वडील ७१ वर्षांचे असून त्यांना अठरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेली तीन वर्षे ते सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतात. दिवाळीत एका नातेवाइकांनी त्यांना सुई न टोचता रक्तातील साखर दाखवणारे मनगटी घड्याळ भेट दिले. रोज बोट टोचण्याला कंटाळलेल्या वडिलांना ते इतके आवडले, की ग्लुकोमीटरची डबी कपाटात गेली. मागच्या आठवड्यात पहाटे पाचच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि बोलणे अडखळू लागले. घड्याळ त्या वेळी १०८ दाखवत होते. आईने हट्टाने बोट टोचले तेव्हा ग्लुकोमीटरवर ५८ आले. साखरपाणी दिल्यावर वीसेक मिनिटांत ते सावरले.

घड्याळ भरवशाचे नाही हे आम्हाला कळले. माझी शंका वेगळी आहे. करोनाच्या काळात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई घरोघर येऊन बोटाला ऑक्सिमीटर लावत असत आणि त्यावरील आकड्यावरून रुग्णाला दवाखान्यात न्यायचे की नाही हे ठरत असे. तेथेही नुसता प्रकाशच वापरला होता. मग त्याच रक्तातला ऑक्सिजन प्रकाशाने कळतो आणि साखर कळत नाही, असे का? आमचेच घड्याळ स्वस्तातले आहे, की अडचण मुळातच आहे? मी वाणिज्य शाखेचा आहे, तेव्हा कृपया समजेल असे लिहावे.

उत्तर १: यंत्रदुरुस्त (वैद्यकीय उपकरणांचा अभियंता)

अडचण मुळातच आहे. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला रंग आहे आणि ग्लुकोजला, म्हणजे रक्तातील साखरेला, नाही, येथूनच सारे सुरू होते.

ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन लालभडक असते आणि ऑक्सिजन सोडलेले काळपट. ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशात हा फरक फार ठळक आहे. ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन तो प्रकाश जवळजवळ दहापट अधिक शोषते. ९४० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात परिस्थिती उलटते आणि ऑक्सिजन असलेले हिमोग्लोबिन अधिक शोषते. तुमच्या ऑक्सिमीटरच्या चिमट्यात हेच दोन दिवे आळीपाळीने लागत असतात.

पण बोटात नुसते रक्त नसते. कातडी, हाड, नख, चरबी हे सारे प्रकाश अडवते. त्यातून वाट काढली ती जपानमधील निहोन कोहदेन या कंपनीतील ताकुओ आओयागी या अभियंत्याने. १९७०च्या दशकाच्या आरंभी ते कानातून प्रकाश पाठवून, रक्तात सोडलेल्या रंगद्रव्याच्या साहाय्याने हृदयातून किती रक्त वाहते हे मोजण्याच्या प्रयत्नात होते आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांचा आलेख सारखा हलत होता. ती हालचाल पुसून टाकण्याच्या खटपटीत त्यांच्या ध्यानात आले, की ठोक्यागणिक कमीजास्त होणारा प्रकाश हा केवळ रोहिणीतून, म्हणजे हृदयाकडून येणाऱ्या रक्तवाहिनीतून, नव्याने आलेल्या रक्तामुळे बदलतो, म्हणून तेवढाच भाग वेगळा काढला तर कातडी, हाड आणि शिरेतले रक्त आपोआप वजा होते. १९७४ मध्ये त्यांनी हे मांडले. (एप्रिल २०२० मध्ये, जग ऑक्सिमीटरसाठी दुकाने धुंडाळत असतानाच, त्यांचे निधन झाले.)

दोन्ही रंगांतील या हलत्या भागांचे गुणोत्तर काढले, की त्यावरून ऑक्सिजनची टक्केवारी मिळते. गुणोत्तर आणि टक्केवारी यांचा तक्ता मात्र प्रत्यक्ष माणसांवरून बनवावा लागतो. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देत देत त्यांच्या रोहिणीतील रक्त तपासतात आणि आकडे जुळवतात. कोणालाही ७० टक्क्यांच्या फार खाली नेणे सुरक्षित नसल्यामुळे त्याखालचे आकडे अंदाजाचे असतात.

आता साखरेकडे येऊ. एक डेसीलिटर, म्हणजे १०० मिलिलिटर, रक्तात हिमोग्लोबिन सुमारे १५ ग्रॅम असते आणि ग्लुकोज उपाशीपोटी जेमतेम १०० मिलिग्रॅम, म्हणजे दीडशेपट कमी. तुमच्या वडिलांच्या ५८ आणि १०८ मध्ये फरक आहे तो ५० मिलिग्रॅमचा. अर्ध्या पेल्यात चिमटीहूनही कमी साखर विरघळवली आणि बाहेरून उजेड टाकून ती ओळखा म्हटले, तर जे होईल ते येथे होते. शिवाय ग्लुकोजचे प्रकाश शोषण्याचे पट्टे १५०० ते २४०० नॅनोमीटरच्या टापूत विखुरलेले आहेत, तेही पसरट, आणि त्याच टापूत पाणी, प्रथिने व चरबी कितीतरी जोराने प्रकाश शोषतात. कातडीचे तापमान अंशभराने बदलले तरी पाण्याचे शोषण इतके सरकते, की साखरेचा बदल त्याखाली झाकला जातो. नाडीच्या युक्तीचाही येथे फारसा उपयोग होत नाही, कारण ठोक्याबरोबर येणाऱ्या त्या थेंबभर रक्तातही पाणी आणि प्रथिने असतातच.

घड्याळापुरते बोलायचे तर त्याच्या तळाशी हिरवे, लाल आणि फार तर ९४० नॅनोमीटरचे अवरक्त दिवे असतात. प्रकाश टिपणारा तुकडा बहुधा सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉनला ११०० नॅनोमीटरच्या पलीकडचे काही दिसत नाही. साखरेच्या ठळक खुणा ज्या टापूत आहेत, तेथवर त्याची नजरच पोहोचत नाही. मग १०८ हा आकडा आला कोठून? वय, वजन, नाडीचा वेग, जेवणाची वेळ यांवरून बांधलेला तो ठोकताळा असावा, असे माझे मत आहे.

उत्तर २: प्रयोगशाळावाला

वरील विवेचनाला एक पुस्ती जोडतो, कारण अशा उपकरणांच्या जाहिरातीतले आलेख पाहून शिकलेली माणसेही फसतात.

चाचणीसाठी माणसाला ग्लुकोजचे पाणी पाजले, की दोन-तीन तासांत साखर चढते आणि उतरते. त्याच काळात कातडी तापते, घाम येतो, उपकरणाचा दिवा गरम होतो. वर्णपटातील, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला त्या नोंदीतील, शेकडो बिंदू संगणकाला दिले, तर या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींपैकी एखादी साखरेच्या चढउताराशी योगायोगाने जुळतेच, आणि आलेख सुंदर दिसतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या मार्क अर्नोल्ड व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे फार मार्मिकपणे दाखवले. त्यांनी ग्लुकोजचा अंशही नसलेल्या कृत्रिम नमुन्यांचे वर्णपट घेतले, त्यांना माणसाच्या साखरेचे आकडे जोडले, आणि तरीही वरवर चांगले दिसणारे गणिती प्रारूप तयार झाले. त्यामुळे कोणी आलेख दाखवला, तर तेच उपकरण दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसावर, पुन्हा न जुळवता चालले का, एवढेच विचारावे.

ग्लुकोमीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यानुसार १०० मिलिग्रॅमच्या खालच्या ९५ टक्के मोजण्या प्रयोगशाळेतील आकड्याच्या १५ मिलिग्रॅम इकडेतिकडे असाव्या लागतात. तुमच्या घड्याळाने ५० मिलिग्रॅमची चूक केली, तीही नेमकी जेथे चूक परवडत नाही तेथे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला होता, की कातडीला छेद न देता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही.

उत्तर ३: नवजातसेविका

मी नवजात बालकांच्या विभागात परिचारिका आहे. प्रकाशाने ऑक्सिजनखेरीज काही मोजताच येत नाही असा समज होऊ नये, म्हणून लिहिते. बाळाला कावीळ झाली, की रक्तात बिलिरुबिन वाढते आणि ते पिवळे असल्यामुळे निळा प्रकाश शोषते. आमच्याकडे बाळाच्या कपाळावर किंवा छातीवर टेकवण्याचे छोटे यंत्र आहे. ते परतलेल्या प्रकाशावरून बिलिरुबिनचा आकडा देते आणि टाचेला टोचणे पुष्कळदा वाचते. मात्र बाळाला काविळीच्या उपचारासाठी निळ्या दिव्याखाली ठेवल्यावर कातडीतला पिवळेपणा रक्ताच्या आधी उतरतो, म्हणून त्या काळात आम्ही यंत्रावर विसंबत नाही आणि रक्तच पाठवतो. आकडा उपचार सुरू करण्याच्या सीमेजवळ आला, तरीही रक्तच पाठवतो.

ऑक्सिमीटरही अगदी निर्दोष नाही. गार पडलेली बोटे आणि नखांचा रंग यांमुळे तो चुकतो. कोळशाच्या शेगडीच्या धुराने विषबाधा झालेल्या माणसाला तर तो ९८ दाखवू शकतो, कारण कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन धरलेल्यासारखेच लाल दिसते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ऑक्सिमीटरच्या नजरेतून निसटलेली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट आढळली होती. सावळ्या कातडीच्या आपल्या लोकांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

प्रतिसाद: सोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. काल एक प्रयोग केला. लाटण्याला ओला रुमाल गुंडाळून त्यावर घड्याळ बांधले, तर त्याने साखर ११२ दाखवली. वडिलांनी ते पाहिले आणि मुकाट्याने ग्लुकोमीटर कपाटातून काढला. आता दंडावर चिकटवण्याचे जे चकतीसारखे संवेदक (सेन्सर) मिळतात, तेही याच जातीचे का? त्यांचा खर्च करावा की नाही, हे ठरवायचे आहे.

उत्तर ४: यंत्रदुरुस्त

नाही, ते वेगळे. सर्वसाधारणपणे मिळणाऱ्या त्या चकतीखाली केसासारखा बारीक तंतू असतो. तो कातडीखालच्या द्रवात राहतो आणि त्यावरील विकर (एन्झाइम) ग्लुकोजशी रासायनिक क्रिया करून वीज निर्माण करते, तीच मोजली जाते. म्हणजे टोचणे आहेच, फक्त दहा-पंधरा दिवसांतून एकदा. हा द्रव रक्तापेक्षा काही मिनिटे मागे असतो, म्हणून साखर झपाट्याने उतरत असताना चकतीचा आकडा जास्त दिसू शकतो. घाम, थरथर असे काही जाणवले तर बोट टोचूनच खात्री करावी. इन्सुलिन घेणाऱ्या आणि पहाटे साखर उतरणाऱ्या माणसाला तिचा गजर उपयोगी पडतो. सध्या एकच चकती लावून पंधरवड्याचा आलेख घ्या आणि तो डॉक्टरांना दाखवून संध्याकाळच्या इन्सुलिनची मात्रा तपासून घ्या. पहाटेच्या ५८ चे कारण बहुधा तेथेच सापडेल.