बसलेली बॅटरी पल्सने उठते का?

हर्णैचा नाखवा: 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होडी शाकारली, बॅटरी मात्र आतच विसरलो. ऑगस्टात स्टार्टर नुसता टिकटिक. बंदरावरच्या वायरमनने पाच दिवस पल्स चार्जरला, म्हणजे विजेचे बारीक झटके देणाऱ्या चार्जरला, लावली. 10.8 व्होल्टवर गेलेली बॅटरी 12.6 दाखवायला लागली, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. मग भंगारात का घालायची?

दापोलीकर: व्होल्टवर जाऊ नका हो. दम गेलेली बॅटरीही चार्जनंतर भार नसताना 12.6 दाखवू शकते. हायड्रोमीटर घाला, तो आतल्या आम्लाची घनता दाखवतो. माझ्या इन्व्हर्टरचे पाच सेल 1240 वर आले, सहावा 1120 वरून हलेना. बूच काढून टॉर्च मारला तर आत चॉकलेटी गढूळ पाणी. प्लेटचा माल गळून तळाशी बसलेला. तिथे पल्स काय करणार, कपाळ?

हर्णैचा नाखवा: तुमचा सेलच मेला होता. माझी बॅटरी नुसती उपाशी पडली होती. चार्ज नसला की प्लेटवरच्या सल्फेटचे बारीक कण वाढून खडे होतात, ते साध्या चार्जरला दाद देत नाहीत. पल्स त्यांना फोडते.

देवगडचा भाचा: फोडते हे वायरमन म्हणाला की तुम्ही पाहिलंत? पाच दिवस कमी अँपिअरवर साधा चार्जर ठेवला असता तरी बरंच सल्फेट विरघळलं असतं. श्रेय पल्सचं की पाच दिवसांचं, ते आधी ठरवा.

गुहागरची वहिनी: आमच्याकडे सासरे बॅटरीत पागोळ्यांचं पाणी घालायचे. समुद्रावरचा खारा वारा कौलांवर बसतो, तेच मीठ आत. डिस्टिल्ड वॉटर काय सोन्याच्या भावाने मिळतं? आणि चार्जिंगला असताना पडवीत विडी ओढू नका, हायड्रोजन निघतो.

हर्णैचा नाखवा: विडी सोडली वहिनी. बरं, पुतण्याचीही बॅटरी तशीच पडलीय, माझ्याबरोबरच घेतलेली. तिला तेवढेच दिवस साधा चार्जर लावतो.

देवगडचा भाचा: मग दोन्हींना 55 वॅटचा एकेक हेडलाइट लावा, 10.5 व्होल्टला उतरेपर्यंत तास मोजा. शंभर अँपिअर-तासाची धडधाकट बॅटरी वीसेक तास ओढते. तुमची आठ तासांत बसली तर इंजिन सुरू झाल्याचं कौतुक पुरे.

हर्णैचा नाखवा: वीस तास मीटर बघत कोण बसणार?

दापोलीकर: रात्री जाळी सांधता ना? उजेडही होईल.