वाडा उघडलाय, हात कशाला लावू आणि कशाला नको?

माजघर:
वाईचा आमचा वाडा अठरा वर्षं कुलुपात होता. भाऊबंदकी मिटली (कशी, ते विचारू नका) आणि दिवाळीत किल्ली माझ्याकडे आली. जोतं काळ्या दगडाचं, वर चपट्या विटा, सागवानी खांब. पुढचा चौक बरा आहे, मागचं माळवद (मातीचं सपाट छप्पर) बसलंय.

बाबांनी ८६ साली रस्त्याकडच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, "आता शंभर वर्षं बघायला नको" म्हणून. नेमकी तीच भिंत ओली आहे. कंबरेपर्यंत लोणा (क्षार) चढलाय, बोट लावलं की विटेचं पीठ सांडतं. शेजारची, जिला कुणी विचारलं नाही, ती ठणठणीत! कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सगळं खरवडून वॉटरप्रूफ सिमेंट मारू. मन घेत नाही.

आणि दिवाणखान्यात कोनाड्याशेजारी डिस्टेंपरचा पोपडा निघाला, खाली हिरवी शेपटी दिसली. पोपट असावा. नखाने अजून थोडं उचकटलं, तर शेपटीचं टोक पोपड्यालाच चिकटून आलं. तेव्हापासून हात बांधून बसलेय. पैसे बेताचे आहेत. सुरुवात कुठून करू?

चुनकळी:
ताई, आधी मागच्या माळवदावर पत्रे टाका, तात्पुरते का होईना. पाऊस आत येतोय तोवर भिंतीवर घातलेला रुपया वाया.

जोत्यातून ओल चढतेच. चुन्यातून ती उडून जाते. सिमेंटने तिची वाट बंद केली की विटेत कोंडते आणि क्षार तिथेच फुगतात. बाबांचं सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढा, ब्रेकर लावू देऊ नका. उघडी भिंत एक उन्हाळा वाळू द्या. मग चुना. चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) विरवून निदान महिनाभर पाण्याखाली ठेवायची, मग वाळू आणि विटेची सुरखी (भुकटी) घालून मळायची. आमचे आजोबा गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो, म्हणून थर पातळ द्यायचे आणि वर ओलं गोणपाट.

व्यवहारी:
गूळ-हिरडा ऐकायला गोड. मामांच्या वाड्याला चुन्याचा गवंडी शोधण्यातच आठ महिने गेले. तरी सिमेंट नकोच, हे मलाही पटलंय. एक सांगतो: संडास-बाथरूम खुशाल नवीन करा, पण जुन्या भिंतीत पाइप गाडू नका. बाहेरून न्या, दिसले तर दिसू देत. गळती झाली की कळते तरी.

रुमाल:
पोपटाला ओलं फडकंसुद्धा लावू नका. डिंकात किंवा सरसात कालवलेले रंग असतील तर पाण्याने जातील. मोजपट्टी धरून फोटो काढा आणि चित्रांचं काम केलेला माणूस येईपर्यंत थांबा. तोवर मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली चित्रं बघून या, तुमच्या दारातच आहे. माळ्यावर मोडी कागदांची बासनं (फडक्यात बांधलेले गठ्ठे) निघाली तर रद्दीत घालू नका. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन दाखवा.

माजघर:
पत्रे टाकले. कॉन्ट्रॅक्टर रुसलाय. बासनं नाही निघाली, आजीची पापडाची लाटणी मात्र तीन निघाली. मेणवलीला रविवारी जातेय.

एक राहिलं: खांबांवर कुणीतरी चॉकलेटी ऑइलपेंट फासून ठेवलाय, केळफुलाची नक्षी पार बुजलीय. सुतार म्हणतो, गॅसच्या ज्योतीने पाच मिनिटांत सुटेल. करू?

चुनकळी:
वर छताची सुकलेली किलचण (लाकडाच्या चिपा), खाली ज्योत. त्याला आधी चहा पाजून घरी पाठवा! रंग काढायची जेल मिळते, ती आणि बांबूची पट्टी. आधी मागच्या, कोपऱ्यातल्या खांबावर वीतभर करून बघा.