मदत हवी आहे: सोलापुरातला एलिक्झिरचा गट टिकवायचा कसा?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात होटगी रोडला, एका मैत्रिणीच्या क्लासच्या खोलीत, रविवारी सकाळी आम्ही एलिक्झिर ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला जमतो. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते, तेही याच भाषेत. सुरुवातीला आम्ही तिघी-चौघंच होतो, आता खुर्च्या पुरत नाहीत. इंजिनिअरिंगची मुलं-मुली जास्त. शिवाय पूर्व भागातले काही जण, ज्यांच्या घरी टॉवेलचे माग आहेत. येणारे भरपूर, पण टिकणारे थोडे. या भाषेत मुरलेल्यांनी काही मार्ग सुचवावा, म्हणून हा धागा.

भाषा नवी असणाऱ्यांसाठी थोडक्यात: एलिक्झिर चालते एरलँग या जुन्या भाषेच्या व्हर्च्युअल मशीनवर. एरलँगची सुरुवात १९८६च्या सुमाराला स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्सचेंजसाठी झाली, १९९८मध्ये ती सगळ्यांना खुली झाली. एका कॉलमध्ये घोळ झाला म्हणून बाकीचे कॉल तुटले तर एक्सचेंज काय कामाचं? त्या गरजेतूनच तिची रचना आली. हजारो चिमुकल्या प्रोसेस, म्हणजे आपापली चालणारी वेगवेगळी कामं, कुणाची मेमरी कुणाशी सामाईक नाही, बोलायचं ते निरोप पाठवून. ब्राझीलच्या जोझे व्हालिमने त्याच पायावर एलिक्झिर उभी केली, तिची १.० आवृत्ती २०१४ची. व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हरही एरलँगवरच उभे राहिले, हे सांगितलं की नवीन मुलांचे कान टवकारतात.

पहिल्या दिवशी मी साध्या लॅपटॉपवर लाखभर प्रोसेस सुरू करून दाखवते. एकेक जेमतेम अडीच-तीन किलोबाइटची, त्यामुळे मशीन कुरकुरतसुद्धा नाही. मागावर वाढलेल्या मुलांना तर सुपरवायझरची, म्हणजे कोसळलेली प्रोसेस पुन्हा उठवणाऱ्या प्रोसेसची, कल्पना वेगळी समजवावीच लागत नाही. ताण्याचा धागा तुटला की कामगार तेवढाच माग थांबवून गाठ मारतो, बाकीचे खडखडत राहतात.

अडतं ते यापुढे. आम्ही मागांच्या नोंदी ठेवणारा एक प्रकल्प घेतलाय. दर मागाला एक प्रोसेस, माग चालू आहे की बंद, शिफ्टमध्ये किती वेळ बंद होता, एवढंच. माहिती एका छोट्या बोर्डावरून यूएसबीने येते. परवा एका मुलाने मुद्दाम केबल उपटली. त्या मागाची प्रोसेस कोसळली, उठली, परत कोसळली, आणि बघता बघता पडद्यावरचे सगळेच माग गायब! "ताई, एक मेला तरी बाकीचे चालतात म्हणालात ना?" कारण मला ठाऊक आहे. ५ सेकंदांत ३ पेक्षा जास्त वेळा उठवाउठवी करावी लागली की सुपरवायझर स्वतःच हात टेकतो आणि त्याच्या हाताखालच्या सगळ्याच प्रोसेस बंद होतात; आपण बदलली नाही तर मर्यादा तेवढीच असते. पण हे कुठल्या क्रमाने शिकवावं, म्हणजे नवख्यांचा भाषेवरचा विश्वास उडणार नाही?

दुसरी गोष्ट नोकरीची. कॅम्पसला विचारतात जावा आणि पायथन. एलिक्झिरच्या ज्या जाहिराती माझ्या नजरेला पडतात त्या बहुतेक अनुभवी लोकांसाठी. आईवडील थेट विचारतात, "यानं नोकरी लागंल का?" मुलांना खोटी आशा दाखवायची नाही, पण इतकी चांगली गोष्ट हातातून सुटू द्यायलाही जीव होत नाही.

आणि ग्लीम या नव्या भाषेचं काय करू? २०२४च्या मार्चमध्ये तिची १.० आली. व्हर्च्युअल मशीन तेच, पण टाइप, म्हणजे कुठे आकडा आणि कुठे मजकूर हे, प्रोग्रॅम चालवण्याआधीच तपासून मिळतात. दोघी-तिघींना तीच आवडलीय. वेगळा गट करू का?

प्रतिसाद (पुणे)

ताई, केबल निघणं ही कारखान्यातली रोजची गोष्ट, त्यासाठी प्रोसेस कोसळायलाच नको. इनिटमध्ये, म्हणजे प्रोसेस सुरू होतानाच चालणाऱ्या फंक्शनमध्ये, यूएसबीचं पोर्ट उघडू नका. प्रोसेस "जोडणी नाही" या अवस्थेत उठू दे, मग दर काही सेकंदांनी स्वतःलाच निरोप पाठवून पुन्हा प्रयत्न करू दे. ज्याची कल्पनाच केली नव्हती अशा चुकीला कोसळणं राखून ठेवा.

शिकवताना सुपरवायझर शेवटी आणा. आधी मुलांना हाताने प्रोसेस स्पॉन (सुरू) करू दे, तिच्यावर नजर ठेवणारा मॉनिटर लावू दे, प्रोसेस मेल्याचा निरोप आला की स्वतः उठवू दे. दहा ओळींचं काम आहे. तेच पोर्ट बंद ठेवलं की त्यांचा कोड अखंड उठवत बसतो, आणि मर्यादा कशाला हवी हे मुलंच तुम्हाला सांगतील.

प्रतिसाद (मूळ सोलापूर, सध्या बंगळूर)

पालकांना सरळ सांगा: जावा सोडायची नाही, हे त्याच्या जोडीला. मुलाखतीत रेस कंडिशन, डेडलॉक, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं एकमेकांत अडकण्याचे घोळ, विचारतातच. ज्याने निरोपांवर चालणारी सिस्टीम स्वतः बांधलीय त्याचं उत्तर पाठांतराचं वाटत नाही, मी मुलाखती घेतो म्हणून सांगतोय. हेक्सवरच्या (एलिक्झिरच्या लायब्रऱ्यांचं भांडार) एखाद्या लहान लायब्ररीच्या चाचण्या, डॉक्युमेंटेशन यात हातभार लावायला लावा. दाखवायला काहीतरी हवं.

गट मात्र फोडू नका. ग्लीमचं मॉड्यूल एलिक्झिरमधून बोलावता येतं. शिफ्टचा हिशेब त्या मुलींना ग्लीममध्ये लिहायला द्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मॉनिटरचा धडा येत्या रविवारीच घेते, आणि हिशेबाचा भाग ग्लीमवाल्यांकडे.

त्यावरूनच पुढची शंका. सगळ्या मागांच्या प्रोसेस हिशेबाच्या एकाच प्रोसेसला कॉल करतात, म्हणजे निरोप पाठवून उत्तराची वाट बघतात. माग वाढवले की तिच्याकडे निरोप तुंबतात आणि ५ सेकंदांनी टाइमआउट येतो. प्रत्येक मागाने आपला हिशेब आपल्याचपाशी ठेवून मिनिटाला एकदा बेरीज पाठवावी, की सरळ ईटीएस टेबल (सगळ्या प्रोसेसना वापरता येणारं मेमरीतलं टेबल) वापरावं? आणि बंगळूरचे दादा, पुढच्या महिन्यात एखाद्या रविवारी अर्धा तास व्हिडिओवर मुलांशी बोलाल का? मराठीतच, मध्येमध्ये तेलुगू आली तरी चालेल.